माथ्यावर माणिक, गळ्यात पुष्कराज

त्रिनिदादमधल्या एखाद्या बागेत उघड्या काटकीच्या टोकावर एक इवलासा काळपट पक्षी बसलेला असतो. नजर सहज त्याच्यावरून पुढे सरकते. तेवढ्यात तो मान वळवतो आणि माथा माणकासारखा लाल पेटतो, गळा नि छाती पुष्कराजासारखी सोनेरी! पुन्हा मान वळली की सगळं विझतं.

हा रुबी-टोपाझ हमिंगबर्ड, म्हणजे माणिक-पुष्कराजच. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 साली त्याची नोंद केली. शास्त्रीय नाव क्रायसोलॅम्पिस मॉस्किटस. लांबी 8-9 सेंटिमीटर आणि वजन आपल्या एक रुपयाच्या नाण्याएवढं.

या पिसांत लाल किंवा सोनेरी रंगद्रव्य नसतंच. पिसांच्या सूक्ष्म तंतूंत मेलॅनिन या काळसर रंगद्रव्याच्या चपट्या चकत्यांचे थर असतात आणि त्या चकत्यांत हवेचे बुडबुडे. थराथरांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, काही रंग उजळतात, काही मावळतात. साबणाच्या फुग्यावर रंग खेळतात ते याच कारणाने. म्हणून कोन चुकला की उरतो तो फक्त मेलॅनिनचा काळोख.

तेव्हा ओळख पटवताना झळाळीवर विसंबू नये. मी तरी आधी शेपटी बघा असंच सांगेन. नराची शेपटी रुंद, विटकरी-तांबूस, टोकाला काळी. अंग गडद तपकिरी. बहुतेक हमिंगबर्डची पाठ हिरवी असते, त्यामुळे हा तपकिरीपणा मोठी खूण ठरतो. चोच काळी, आखूड. मादी मात्र खरी परीक्षा घेते. वरून कांस्य-हिरवी, खालून फिकट राखाडी, म्हणजे इतर कितीतरी माद्यांसारखीच. तिच्याही शेपटीत तांबूस रंग असतो, त्यावर गडद पट्टा आणि कडेच्या पिसांना पांढरी टोकं.

व्हेनेझुएला, गयाना, ब्राझीलमध्येही तो मोकळ्या माळांवर, बागांत आढळतो. आपल्याकडे जास्वंदीवर येणाऱ्या शिंजिराला कौतुकाने हमिंगबर्ड म्हणतात, पण हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर रानात कुठेच नाहीत. शिंजीर वेगळ्या कुळातला, आणि तो बहुधा फुलाजवळ बसून मध पितो. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत पितो.

विणीच्या काळात नर शेपटी पंख्यासारखी पसरून, माथ्याची पिसं उभारून मादीभोवती घिरट्या घालतो. पुढचं सारं तिचं एकटीचं. झुडपाच्या बेचक्यात वाटीएवढंही नसलेलं घरटं, आणि त्यात दोन पांढरी अंडी.