इन्स्टॉल मारू का अपडेट?

"दादा, इन्स्टॉल मारू का अपडेट?"

राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात नवीन पोरगं आलं की पहिल्या आठवड्यात हा प्रश्न येतोच. विचारतात ते बरंच. न विचारता ज्यानं मारलं, त्याची हकीकत पुढं येईल.

पीएचपी ही वेबसाइट बनवायची भाषा. तिच्या प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडची पॅकेजं, आणून देणारा कंपोजर 2012 मध्ये आला. त्याच्या इन्स्टॉल आणि अपडेट या दोन्ही कमांड वरवर सारख्याच वाटतात: टर्मिनलवर पॅकेजांची नावं धावतात आणि शेवटी व्हेंडर फोल्डर, म्हणजे आणलेली पॅकेजं ठेवायची जागा, भरलेलं असतं. त्यात नावांनी घोळ वाढवलाय. इन्स्टॉल म्हणजे सुरुवातीला एकदाच करायचं काम, आणि अपडेट म्हणजे फोनवर करतो तसं अधूनमधून केलेलं बरं, असंच कुणालाही वाटेल. इथं दोन्ही समज चुकीचे.

फरक कळायला दोन फायली उघडा. कंपोजर डॉट जेसन आपण लिहितो. त्यात समजा मोनोलॉग या लॉग लिहिणाऱ्या पॅकेजापुढं ^2.3 असं असतं, म्हणजे 2.3 किंवा त्यापुढचं काहीही चालेल, फक्त 3.0 च्या आतलं हवं. कंपोजर डॉट लॉक मात्र कंपोजर स्वतः लिहितो. तिथं मोनोलॉग 2.9.1 असा नेमका आकडा, तो कोड कुठल्या कमिटचा (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाचा) याची खूण, आणि मोनोलॉगला स्वतःला लागणाऱ्या पॅकेजांचेही तसेच नेमके आकडे.

उद्यमनगरात माझ्या मामांचं लेथचं वर्कशॉप आहे. तिथल्या ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास असतो 25 मिमी, पुढं टॉलरन्स: 0.02 कमी-जास्त चालेल. जॉब झाला की मायक्रोमीटर लावून तपासणीच्या कागदावर लिहितात 24.99. ड्रॉइंग म्हणजे जेसन, तपासणीचा कागद म्हणजे लॉक. 24.99 च्या शाफ्टवर बेअरिंग बसवून मशीन चालवून बघितलेलं असतं. 25.01 चा शाफ्टही ड्रॉइंगप्रमाणे बरोबरच, पण तो अजून कुणी बसवून बघितलेला नाही.

इन्स्टॉल तपासणीचा कागद वाचतं आणि त्यावरचेच आकडे आणतं. आज मारा नाहीतर सहा महिन्यांनी, माझ्या लॅपटॉपवर नाहीतर सर्व्हरवर, माल तोच. अपडेट तो कागद बाजूला ठेवतं, ड्रॉइंगवरून नव्यानं गणित मांडतं, मर्यादेत बसेल तेवढं नवीन व्हर्जन निवडतं आणि लॉक पुन्हा लिहून काढतं. हे गणित जड असतं. कंपोजर 1 च्या काळात स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर अपडेट मारलं की मेमरी संपायची. 1610612736 बाइट्सवाला तो एरर आमच्या पिढीला फोन नंबरासारखा पाठ आहे. त्याच सर्व्हरवर इन्स्टॉल निवांत चालायचं, कारण गणित आधीच सुटलेलं असायचं. ऑक्टोबर 2020 मध्ये कंपोजर 2 आला आणि हा त्रास बराच कमी झाला.

घोळाचं खरं मूळ एका अपवादात आहे. लॉक फाइलच नसेल तर इन्स्टॉलही अपडेटसारखंच गणित सोडवतं आणि लॉक तयार करतं. रिकाम्या फोल्डरात शिकलेल्या पोराला म्हणूनच फरक कधी दिसत नाही. आणि कुणी शहाण्यानं लॉक गिटइग्नोरमध्ये, म्हणजे टीमच्या सामायिक कोडमध्ये न घ्यायच्या फायलींच्या यादीत, टाकली असेल, तर टीममधल्या प्रत्येकाचं व्हेंडर वेगळं. व्हेंडर गिटमध्ये नको, लॉक हवीच. (लायब्ररी लिहिणाऱ्यांचं वेगळं आहे; वापरणाऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये त्यांची लॉक कुणी वाचत नाही.)

आता ती हकीकत. एका गूळ व्यापाऱ्याचं बिलिंगचं काम आमच्याकडं होतं. पोराच्या लॅपटॉपवर पीएचपी 8.3, सर्व्हरवर 8.1. त्यामुळं त्याच्या लॅपटॉपवर तयार झालेल्या लॉकमध्ये 8.2 च्या खाली न चालणारी पॅकेजं येऊन बसली. सर्व्हरवर इन्स्टॉल अडलं, आणि कंपोजरनंच सांगितलं की लॉकमधली पॅकेजं इथं जुळत नाहीत, कंपोजर अपडेट चालवा. पोरानं आज्ञा पाळली. साइट चालू झाली, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी ऐन सौद्याच्या वेळी फोन: बिलावर गिऱ्हाइकाचं नाव नाही, नुसते चौकोन. पीडीएफ बनवणारं पॅकेज आम्ही तपासलेल्या व्हर्जनपेक्षा वेगळं आलं होतं, आणि मराठी फॉन्ट त्याला सापडत नव्हता. पोराला मी बोललो नाही. एवढ्या ठळक अक्षरांत सांगितल्यावर मीही त्या वयात तेच केलं असतं.

अपडेट करायचंच होतं, पण लॅपटॉपवर. जेसनच्या कॉन्फिगमध्ये प्लॅटफॉर्मखाली पीएचपी 8.1 लिहायचं, म्हणजे कंपोजर सर्व्हरचं व्हर्जन धरून गणित करतो. मग अपडेट, मग बिल छापून बघणं, मग लॉक कमिट. सर्व्हरवर फक्त इन्स्टॉल, तेही नो-डेव्ह लावून, म्हणजे फक्त डेव्हलपमेंटला लागणारी पॅकेजं वगळून.

म्हणून अपडेटला भिऊन दोन वर्षं बसायचं असंही नाही. तसं केलं की एकदम मोठी उडी मारावी लागते. कंपोजर आउटडेटेड काय जुनं झालंय ते दाखवतं, आणि 2.4 पासून आलेलं कंपोजर ऑडिट सुरक्षेची भोकं दाखवतं. मी सहसा अपडेटपुढं एकाच पॅकेजचं नाव देतो, आधी ड्राय-रन लावून, म्हणजे प्रत्यक्ष काही न बदलता, काय काय हलणार ते बघतो. नुसतं अपडेट मारलं की चाळीस पॅकेजं हलतात, आणि बिघाड कशानं झाला हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

दोघांचे बदल एकत्र करताना लॉकमध्ये मर्ज कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोघांच्या ओळी एकमेकींशी जुळेनात, तर हातानं ओळी जुळवत बसू नका. मेन ब्रँचची, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य कोडमधली, लॉक जशीच्या तशी घ्या, जेसन जुळवून घ्या, आणि तुम्ही घातलेल्या पॅकेजापुरतं अपडेट पुन्हा मारा.