लांबी घासणे (मोटारीचे रंगकाम)

मोटारीच्या पत्र्यावरचा ओरखडा लांबीने भरला, की रंगाचा फवारा मारण्याआधी ती जागा घासून आजूबाजूच्या भागाशी एकसारखी करावी लागते. या कामाला लांबी घासणे म्हणतात. लांबी हे पुट्टीचेच कारागिरांतले नाव. विदर्भाच्या खेड्यांत हे काम सारखे निघते. पांदण रस्त्याने गाडी नेली की बाभळी-बोरींच्या फांद्या दोन्ही बाजूंची दारे ओरबाडतात.

मोटारीला पॉलिएस्टर लांबी वापरतात. राळ आणि शंखजिऱ्याची भुकटी यांच्या या लगद्यात वजनाच्या सुमारे २ टक्के हार्डनर मिसळला की तो घट्ट होऊ लागतो. एरवी हाताशी चार-पाच मिनिटे असतात. पण नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा लांबी पातीवरच आवळते. त्या दिवसांत सकाळी, सावलीत, थोडी थोडी कालवलेलीच बरी. हार्डनर जास्त पडला तर तो पुढे रंगातून डाग होऊन वर येतो. पांढऱ्या गाडीवर हा डाग लपत नाही.

उंचवटा ८० किंवा १२० नंबरच्या घासकागदाने, म्हणजे पेपरने, उतरवतात, मग १८० आणि शेवटी ३२०. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. प्रत्येक पेपरने आधीच्या पेपरच्या रेघा पुसायच्या असतात. मधला नंबर गाळला तर त्या रेघा रंग वाळल्यावर, कधी कधी कित्येक दिवसांनी, वर दिसू लागतात. पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळावा. नुसत्या बोटांनी घासले तर बोटांखाली खाचा पडतात.

खरे कसब कडेचे आहे. लांबी जिथे जुन्या रंगाला मिळते तिथे रंग, प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) आणि पत्रा यांचे थर खोडातल्या वलयांसारखे रुंद उघडे दिसले पाहिजेत आणि त्यांवरून नख अडखळता कामा नये. नजर इथे फसते, कारण घासलेल्या भागाला चकाकी नसते. डोळे मिटून तळहात फिरवला तर उंचसखलपणा लगेच कळतो. शंका उरली तर काळ्या रंगाचा विरळ फवारा मारून पुन्हा घासावे: खळगा काळाच राहतो, उंचवटा आधी उघडा पडतो.

लांबी पाणी लावून घासणे ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. धूळ उडत नाही म्हणून तसे करण्याचा मोह होतो, पण घट्ट झालेली लांबीही पाणी शोषते. ते पाणी प्रायमरखाली कोंडले गेले की पत्रा गंजतो आणि काही महिन्यांनी रंगाला फोड येतात. धुळीवर उपाय तोंडावरचा मास्क, पाणी नव्हे. पावसाळ्यात तर घासलेली लांबी रात्रभर उघडी ठेवू नये.

उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर सरफेसर, म्हणजे बारीक रेघा भरून काढणारा जाड थर, देतात. सरफेसर पूर्ण वाळल्यावर मात्र ६०० किंवा ८०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासायला हरकत नाही. घासलेली जागा पेट्रोलने पुसू नये, त्याचा तेलकट अंश मागे राहतो. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या गॅरेजात रुईचे तंतू ओल्या रंगावर येऊन बसतात. तिथे फवाऱ्याआधी जमिनीवर पाणी शिंपडावे आणि पत्र्यावरून चिकट कापड हलक्या हाताने फिरवावे.