हा स्कॅन नेमका कोणत्या फेजचा?

सीटी फेज ओळखणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरची ग्राहकांसाठी माहिती

सीटीत शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उजळ दिसणारं आयोडिनचं औषध, देतात. ते शरीरात कुठवर पोचलंय त्या टप्प्याला फेज म्हणतात. पोटाचा ट्रिपल फेज सीटी पॅक्सवर (स्कॅन साठवून दाखवणाऱ्या यंत्रणेवर) उघडा आणि सिरीजची, म्हणजे चित्रांच्या एकेका संचाची, नावं पाहा. एकीवर 'आर्ट', दुसरीवर नुसतंच 'पोट ५ एमएम', तिसरीवर मागच्या पेशंटच्या प्रोटोकॉलमधलं नाव तसंच चिकटलेलं. डायकॉममध्ये (स्कॅनच्या फाइलच्या ठरलेल्या स्वरूपात) कॉन्ट्रास्टच्या नोंदीसाठी रकाने आहेत, पण ते रिकामे राहतात, नाहीतर प्लेन (कॉन्ट्रास्टविना घेतलेल्या) सिरीजलाही आपोआप भरले जातात. काय करायचं ठरलं होतं, एवढंच नावावरून कळतं. प्रत्यक्षात काय झालं ते चित्रात असतं. म्हणून आमचं सॉफ्टवेअर नाव वाचतच नाही.

यकृताच्या कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा आर्टेरियल फेजमध्ये (कॉन्ट्रास्ट मुख्यतः धमन्यांत असताना) उजळते आणि पुढच्या फेजमध्ये आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळी पडते. फेजच उलटसुलट लागल्या तर ही तुलना कशी करणार?

मूत्रपिंड हे या कामातलं उत्तम घड्याळ. इंजेक्शननंतर साधारण ३५-४० सेकंदांनी त्याची बाहेरची कड पांढरी झालेली असते, आतला भाग अजून काळसर. १०० सेकंदांच्या आसपास दोन्ही एकसारखे दिसू लागतात. आणखी काही मिनिटांनी कॉन्ट्रास्ट लघवीत उतरतं आणि पेल्विस (मूत्रपिंडातली लघवी गोळा होण्याची जागा) पांढरीशुभ्र होते. महाधमनीचंही तसंच: प्लेनमध्ये रक्त ४० हाउन्सफिल्डच्या (सीटीतला उजळपणा मोजायचं एकक) आसपास, आर्टेरियलमध्ये सहज २००च्या वर, आणि ७० सेकंदांना ती उतरणीला लागते तेव्हा पोर्टल व्हेन (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी शीर) आणि यकृत उजळलेलं असतं. (आर्टेरियलमध्ये प्लीहा पट्टेरी दिसते. नवख्याला ती इजा वाटते. आमच्या पहिल्या मॉडेललाही ती बुचकळ्यात टाकायची.)

सॉफ्टवेअर आधी हे अवयव आणि रक्तवाहिन्या आखून घेतं, प्रत्येकाचा सरासरी हाउन्सफिल्ड आकडा काढतं आणि ते आकडे निर्णयवृक्षांवर (एकामागून एक हो-नाही प्रश्नांवर) चालणाऱ्या मॉडेलला देतं. टोटलसेगमेंटेटर या खुल्या सॉफ्टवेअरमध्येही फेज साधारण याच वाटेने ओळखली जाते. अख्खं चित्र थेट न्यूरल नेटवर्कला देऊनही काम होतं, पण ते चुकलं की का चुकलं ते विचारायची सोय नसते. आमच्या उत्तराशेजारी आकडे छापलेले असतात: महाधमनी इतकी, पोर्टल व्हेन इतकी. पटलं नाही तर तुम्ही स्वतः कर्सर ठेवून मोजून पाहा.

आता चुकतं कुठे ते. हृदय अशक्त असेल तर कॉन्ट्रास्ट उशिरा पोचतं. घड्याळ ७० सेकंद म्हणतं आणि चित्र आर्टेरियलचं असतं. अशा वेळी सॉफ्टवेअर आर्टेरियलच सांगणार, आणि ते बरोबर आहे असं आमचं मत आहे, कारण वाचणाऱ्यापुढे चित्रच असतं. खरी अडचण वेगळी. एक्स-रे नळीचं किलोव्होल्टेज कमी ठेवलं की आयोडिन जास्त उजळ दिसतं आणि आकडे चढतात. सकाळी दुसरी तपासणी झालेल्या पेशंटच्या पेल्विसमध्ये उरलेलं कॉन्ट्रास्ट प्लेन सिरीजमध्येही चमकतं. छातीच्या स्कॅनमध्ये मूत्रपिंड पूर्ण येत नाहीत, म्हणजे घड्याळच गेलं. खात्री कमी असली की सॉफ्टवेअर सिरीजवर 'तपासा' असा शिक्का मारतं आणि जुनं नाव बदलत नाही.

हे सॉफ्टवेअर निदान करत नाही. गाठ आहे की नाही, हा प्रश्न त्याला विचारू नका.

बसवण्याआधी तुमच्याकडचे जुने स्कॅन आम्हाला लागतात, नाव-पत्ता काढून टाकलेले, प्रत्येक मशीनवरचे. त्यातले काही मॉडेल जुळवून घ्यायला, बाकीचे फक्त परीक्षेला. एकाच पेशंटच्या सिरीज दोन्हीकडे विभागल्या जाणार नाहीत, नाहीतर पेपर आधीच फुटल्यासारखे गुण मिळतात. परीक्षेतल्या स्कॅनची खरी फेज तुमच्या रेडिओलॉजिस्टनी ठरवायची, आम्ही नाही. आणि कृपया छान छान स्कॅन निवडून देऊ नका. हललेले, उशिरा सुरू झालेले, इंजेक्शन मध्येच थांबलेले, असेही त्यात हवेत.