सीमापार पोटगी वसुली

सीमापार पोटगी वसुली : एका न्यायालयाने मुलासाठी मंजूर केलेली पोटगी, देणारा पालक दुसऱ्या राज्यात वा देशात असताना त्याच्याकडून प्रत्यक्ष पदरात पाडून घेण्याची प्रक्रिया. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हा प्रश्न बहुधा ठरावीक वाटेने येतो. जनकगंज किंवा शिंदे छावणीतली मुलगी लग्न होऊन पुण्याला जाते, संसार मोडल्यावर मूल घेऊन माहेरी परतते. आणि ग्वाल्हेरच्या कुटुंब न्यायालयाचा आदेश हाती येईपर्यंत मुलाच्या वडिलांनी बंगळूर नाहीतर न्यू जर्सी गाठलेली असते.

ग्वाल्हेरचा हुकूम ग्वाल्हेरबाहेर चालतो का, या वादाला इथे जुना आणि नामांकित दाखला आहे. संस्थानी काळात ग्वाल्हेरचे न्यायालय ब्रिटिश हिंदुस्थानच्या दृष्टीने परकीय होते. सरदार मालोजीराव शितोळे यांनी १९४७ मध्ये ग्वाल्हेरला पैशांचा दावा लावला. प्रतिवादी संयुक्त प्रांतातले, ते हजरच झाले नाहीत. नोव्हेंबर १९४८ मध्ये एकतर्फी हुकूमनामा झाला. तो अलाहाबादला बजावायला नेला, तेव्हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६२ मध्ये निकाल लागला : हुकूमनामा परकीय न्यायालयाचा आहे, सबब बजावता येत नाही. दावा पोटगीचा नव्हता. पण न आलेल्या माणसाविरुद्धचा एकतर्फी आदेश सीमेवर लंगडा पडतो, हे त्यातून दिसले आणि परदेशाच्या बाबतीत ते आजही खरे आहे.

देशांतर्गत ही भिंत आता उरलेली नाही. संविधानाच्या अनुच्छेद २६१ नुसार भारतातील दिवाणी न्यायालयाचा अंतिम आदेश देशभर बजावता येतो. पोटगीचे मुख्य कलम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे १४४ ते १४७ आली. आई राहते त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, त्यासाठी पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. महिन्याला ५०० रुपयांची जुनी कमाल मर्यादा २००१ च्या दुरुस्तीने गेली. कलम १४७ प्रमाणे आदेशाची प्रत विनाशुल्क मिळते आणि देणारा जिथे असेल तिथला कोणताही दंडाधिकारी, पक्षकारांची ओळख व थकबाकी यांची खात्री करून, वसुली करू शकतो.

कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात ग्वाल्हेरहून निघालेले वॉरंट पुण्याच्या ठाण्यातून ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही, भाड्याची खोली सोडून गेला आहे’ अशा शेऱ्यानिशी परत येते. शेरा मराठीत, न्यायालयाचे काम हिंदीत. अर्जदार बाई दोन्ही वाचू शकते, पण मिसलीत, म्हणजे खटल्याच्या कागदपत्रांत, हिंदी भाषांतर जोडावेच लागते. तोवर पुढची तारीख पडलेली असते. म्हणून जाणते वकील घराच्या पत्त्यापेक्षा नोकरीचा ठावठिकाणा आधी विचारतात : मालक कोण, पगार कोणत्या खात्यात जमा होतो, फ्लॅट कोणाच्या नावावर आहे. ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र सक्तीचे केले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखाही बजावता यावा, असे त्याच निकालात आहे. पगारजप्तीत पोटगीला झुकते माप मिळते : एरवी पगाराचा बराच मोठा हिस्सा जप्तीबाहेर राहतो, पोटगीच्या वसुलीत मात्र फक्त एक तृतीयांश बाहेर राहतो.

थकबाकीपोटी प्रत्येक महिन्याच्या रकमेसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. ‘आत बसून आलो, आता हिशेब मिटला’ हा समज चुकीचा आहे; कैदेने देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले. खरा सापळा मुदतीचा आहे. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात वॉरंटसाठी अर्ज केला नाही, तर वॉरंटचा मार्ग बंद होतो. ‘देईल हो आज ना उद्या’ म्हणत वाट पाहणाऱ्या माहेरांचे यात मोठे नुकसान होते.

परदेशाचे गणित वेगळे. मुलांच्या पोटगीच्या आंतरराष्ट्रीय वसुलीसाठी २००७ चा हेग करार आहे. अमेरिका त्यात २०१७ पासून आहे, भारत नाही. अमेरिकेत थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेली की पासपोर्ट नाकारला जातो आणि पगारातून परस्पर कपात होते. पण ही यंत्रणा ग्वाल्हेरच्या आदेशामागे आपोआप उभी राहत नाही. तिथल्या राज्यातल्या न्यायालयात जावे लागते, आणि पहिला प्रश्न असतो : वडिलांना रीतसर नोटीस मिळाली होती का? समन्स बजावणीच्या हेग व्यवस्थेत मात्र भारत आहे. तिच्यातून समन्स पाठवायला महिने लागतात, तरी ती वाट टाळून घेतलेला एकतर्फी आदेश पुढे महागात पडतो. ब्रिटिश साम्राज्यातील प्रदेशांसाठी केलेला १९२१ चा पोटगी आदेश अंमलबजावणी कायदाही आहे. इथल्या न्यायालयाने तात्पुरता आदेश द्यायचा आणि तिकडच्याने देणाऱ्याला ऐकून तो कायम करायचा, ही त्याची रीत. बोटीने टपाल जायच्या जमान्यातली ही कल्पना आजच्या पुष्कळ तरतुदींपेक्षा शहाणी वाटते. अमेरिका या कायद्याच्या कक्षेत कधीच नव्हती.

त्यामुळे भर भारतात उरलेल्या गोष्टींवर राहतो : पुण्यातला फ्लॅट, बँकेतल्या ठेवी, न्यायालयाचे वॉरंट दाखवून पासपोर्ट जप्त करण्याची मागणी. उलट दिशेने, अमेरिकी न्यायालयाचा आदेश ग्वाल्हेरला परतलेल्या वडिलांविरुद्ध थेट बजावता येत नाही, कारण ठरावीक देशांचे हुकूमनामे थेट बजावू देणाऱ्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली तो देश अधिसूचित नाही. त्या निकालाच्या आधारे इथे तीन वर्षांच्या आत नवा दावा लावावा लागतो. ब्रिटनच्या वरिष्ठ न्यायालयांच्या आणि जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिरातीच्या हुकूमनाम्यांना ४४अ चा थेट रस्ता खुला आहे.