मार्मट शहर

आरोग्यातील विषमता कमी करणे हे एकट्या आरोग्य खात्याचे काम न मानता शाळा, घरे, रोजगार, रस्ते, उद्याने अशा सर्व खात्यांवर त्याची जबाबदारी टाकणारे आणि त्यासाठी संशोधनाचा आधार घेणारे शहर. ही कल्पना इंग्लंडमधली असून ती ब्रिटिश साथरोगशास्त्रज्ञ मायकेल मार्मट यांच्या नावाने ओळखली जाते. २०१३ मध्ये या वाटेने निघालेल्या पहिल्या काही शहरांत कॉव्हेंट्री होते, आणि त्याचीच चर्चा सर्वाधिक झाली.

कल्पनेचे मूळ लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत आहे. १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. शिपाई, दारवान अशा सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वोच्च श्रेणीच्या तुलनेत सुमारे तिप्पट आढळले. हे सगळे पगारदार होते, आणि उपचार मोफत देणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा सर्वांनाच खुली होती. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही तफावतीचा मोठा भाग उरलाच. शिवाय फरक फक्त वरच्या आणि तळाच्या माणसांत नव्हता. प्रत्येक पायरी तिच्या वरच्या पायरीपेक्षा थोडी अधिक आजारी होती. मराठीत याला ‘उतरंड’ हा नेमका शब्द आहे, आणि जातीच्या संदर्भात तो वापरणाऱ्या वाचकाला हा निष्कर्ष फारसा नवलाचा वाटणार नाही.

पुरावा हाती असणे आणि तो वापरला जाणे यांत अंतर असते, हे इंग्लंडने आधीच पाहिले होते. सर डग्लस ब्लॅक यांच्या समितीने वर्गांनुसार मृत्युदरातील दरी दाखवणारा अहवाल दिला. तो मागवणारे सरकार तोवर बदलले होते. नव्या सरकारने १९८० च्या ऑगस्टमध्ये, सुटीच्या तोंडावर, त्याच्या जेमतेम २६० प्रती काढल्या. अहवाल दडपायचा तर त्यावर बंदी घालावीच लागते असे नाही. मार्मट यांचा अहवाल २०१० मध्ये आला. इंग्लंडच्या सर्वांत गरीब वस्त्यांतील माणूस सर्वांत श्रीमंत वस्त्यांतील माणसापेक्षा सरासरी सात वर्षे आधी मरतो आणि अपंगत्वाविना जगण्याच्या काळात तर सतरा वर्षांचे अंतर आहे, हे त्यातले आकडे पुढे सर्वतोमुखी झाले. सेवा सर्वांना द्यावी, पण गरज जिथे जास्त तिथे ती त्या प्रमाणात वाढवावी, हे अहवालाचे मुख्य सूत्र. केवळ सर्वांत गरिबांसाठी योजना काढली, तर उतरंडीच्या मधल्या पायऱ्या सुटतात.

हे काम स्थानिक शासनाकडे येण्याला इतिहास आहे. लिव्हरपूलने १८४७ मध्ये डॉ. विल्यम हेन्री डंकन यांना देशातील पहिले आरोग्याधिकारी नेमले, तेव्हापासून सार्वजनिक आरोग्य हा नगरपालिकांचा विषय होता. १९७४ मध्ये तो राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी परत आला. सोबत फक्त सार्वजनिक आरोग्यावरच खर्चायचे एक राखीव अनुदान आले. घरांची दुरुस्ती, दुकानांचे परवाने, बालकेंद्रे, फुटपाथ हे सारे ज्यांच्या हाती, त्यांच्याच इमारतीत आता आरोग्याधिकारीही बसू लागले.

कॉव्हेंट्रीने केलेली निवड साधी होती. आयुर्मानात बदल दिसायला दशके लागतात, म्हणून त्याआधी हलणारे निर्देशक धरले: पाचव्या वर्षी मूल शाळेसाठी किती तयार आहे, किती तरुण ना शिक्षणात ना नोकरीत आहेत, वगैरे. पोलीस आणि अग्निशमन दलही सोबत घेतले. धुराचा इशारा देणारी यंत्रे तपासायला घरी जाणारा जवान तिथली थंडी, ओल, एकटेपणा, पडण्याचा धोकाही पाहू शकतो. एरवी डॉक्टरला दार न उघडणारी घरे अग्निशमनवाल्याला उघडतात.

प्रत्यक्षात नगरसेवकाला कोणता पुरावा उपयोगी पडतो, हा यातला सर्वांत रोचक भाग आहे. वैद्यकातील नियंत्रित चाचणी (एका गटाला उपचार देऊन दुसऱ्या गटाशी केलेली तुलना) त्याच्या फारशी कामाची नसते. त्याला आपल्या प्रभागाचा आकडा हवा असतो. इंग्लंडमध्ये सरकारी शाळांतील ४–५ आणि १०–११ वर्षांच्या मुलांची उंची व वजन दरवर्षी मोजले जाते. गेट्सहेड या शहराच्या कौन्सिलने, म्हणजे स्थानिक शासनाने, २०१५ मध्ये या नोंदींवरच नियम बसवला: ज्या प्रभागात १०–११ वर्षांच्या मुलांत लठ्ठपणा १० टक्क्यांहून अधिक, तिथे तळकट खाणे बांधून देणाऱ्या नव्या दुकानांना परवानगी नाही. व्यवहारात ही जवळपास सरसकट बंदीच ठरली. पुढच्या अभ्यासांत अशा दुकानांचे लोकसंख्येशी प्रमाण घटलेले दिसले. मुलांच्या वजनावरचा परिणाम सिद्ध करणे त्याहून बरेच अवघड आहे. ब्रॅडफर्डमध्ये २००७ पासून सुमारे साडेतेरा हजार मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला जात आहे आणि त्यांतील जवळजवळ निम्मी पाकिस्तानी वंशाची आहेत. दुसऱ्या शहराची सरासरी इथे उसनी आणून चालत नाही.

गाव पातळीवर मोजून बदल घडवण्याचे महाराष्ट्रातील उदाहरण म्हणजे गडचिरोली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची घरोघरी काळजी घेऊन त्यांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. हा पुरावा जिल्हा परिषदेतून वर गेला नाही. संस्थेकडून दिल्लीला गेला आणि २०११ मध्ये आशा कार्यकर्तींमार्फत देशभर खाली आला. इंग्लंडच्या प्रयोगाचा प्रवास उलट दिशेचा आहे: तो स्थानिक शासनापासून सुरू होतो.

या प्रयोगाची खरी अडचण कॅलेंडरची आहे. कौन्सिलचा अर्थसंकल्प मार्चमध्ये ठरतो, अभ्यासाला आठ-दहा वर्षे लागतात. १९९९ मध्ये गरीब वस्त्यांत सुरू झालेली ‘शुअर स्टार्ट’ बालकेंद्रे २०१० च्या सुमारास साडेतीन हजारांवर पोहोचली. त्यांच्यामुळे प्राथमिक शाळेच्या शेवटी मुले रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण घटते आणि लाभ गरीब वस्त्यांत अधिक होतो, हे ‘इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज’ या अर्थविषयक संशोधन संस्थेने २०१९ मध्ये दाखवले. तोवर काटकसरीच्या धोरणात अनेक केंद्रे बंद झाली होती वा नावापुरती उरली होती. राखीव अनुदानही २०१५ नंतर दरडोई खऱ्या किमतीत सुमारे चतुर्थांशाने आटले.

दुसरी अडचण घसरणीची. आराखडा गरिबी आणि घरांपासून सुरू होतो, पण अंमलात येता येता धूम्रपान सोडवण्याच्या वर्गांवर येऊन थांबतो, कारण तेवढेच खात्याच्या हातात असते. वेतन आणि कल्याणभत्ते लंडनला ठरतात. मार्मट यांच्याच २०२० च्या फेरआढाव्यात, लंडनबाहेरच्या सर्वांत गरीब दहा टक्के वस्त्यांत स्त्रियांचे आयुर्मान घटल्याचे नोंदले आहे.

२०२२ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेने तेरा स्थानिक शासनांना मिळून ५ कोटी पौंड दिले, त्यांत कॉव्हेंट्री, ब्रॅडफर्ड आणि गेट्सहेड आहेत. हे पैसे विद्यापीठांऐवजी थेट कौन्सिलांना मिळाले. संशोधक आता तिथले कर्मचारी म्हणूनही काम करतात. स्वतःला ‘मार्मट’ म्हणवणाऱ्या स्थानिक शासनांची संख्या आता चाळीसवर गेली असून वेल्समधील ग्वेंट हा विभागही त्यांत आहे.