शॅल आणि विल : देणं, इच्छा आणि भविष्यकाळ

शाळेत घोकलेला नियम असा : 'आय' आणि 'वी'पुढे शॅल, बाकीच्यांपुढे विल, वचन किंवा तंबी द्यायची असेल तर उलट. हा नियम बोलीतून आलेला नाही, तो व्याकरणकारांनी घालून दिला.

जुन्या इंग्रजीला भविष्यकाळाचं वेगळं रूप नव्हतं, वर्तमानकाळावरच भागायचं. शॅलचा मूळ अर्थ 'देणं लागतो'. कर्ज आणि अपराध असे दोन्ही अर्थ असलेला जर्मन 'शुल्ड' त्याचाच भाऊबंद. विल म्हणजे 'इच्छितो'. संस्कृतातला 'वृ' धातू त्याचा दूरचा नातलग, त्यामुळे स्वयंवरातला वर आणि इंग्रजी विल एकाच मुळाचे निघतात. मृत्युपत्राला विल म्हणतात तेही इच्छेमुळेच. देणं फेडायचं असतं ते पुढे, इच्छा पुरी व्हायची तीही पुढे. म्हणून दोन्ही शब्द हळूहळू भविष्याकडे सरकले. चौदाव्या शतकातलं वायक्लिफचं बायबल हा लॅटिनवरून केलेला इंग्रजी अनुवाद, त्यात लॅटिन भविष्यकाळासाठी मुख्यतः शॅलच आहे.

पुरुषानुसार वाटणी केली जॉन वॉलिसने, १६५३ साली. हा ऑक्सफर्डचा गणिती. अनंताचं ∞ हे चिन्हही त्याचंच. त्याचं व्याकरण लॅटिनमध्ये होतं आणि परक्यांना इंग्रजी शिकवण्यासाठी होतं. पुढच्या व्याकरणकारांनी तेच इंग्रजांच्या माथी मारलं. आयरिश आणि स्कॉटिश लोकांनी मात्र ते कधी फारसं मनावर घेतलं नाही. म्हणूनच 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी' असं ओरडणाऱ्या बुडत्या आयरिश माणसाचा विनोद इंग्रजी व्याकरणांत फिरत राहिला : नियमाने पाहिलं तर तो 'मी बुडणारच, कोणी वाचवायचं नाही' असं बजावत होता.

रोजच्या बोलण्यात आता शॅल उरलाय तो मुख्यतः प्रश्नात. 'शॅल आय ओपन द विंडो?' म्हणजे 'खिडकी उघडू का?' आणि 'शॅल वी गो?' म्हणजे 'जाऊ या का?' मराठीत 'उघडू का' बसत असेल तिथे शॅल, 'उघडशील का' असेल तिथे विल, एवढी खूण पुरते.

खरी अडचण कायद्यात. तिथे शॅल म्हणजे बंधन, पण दरवेळी नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२० मध्ये सरकारी नोकरांवरच्या शिस्तभंगाच्या बाबतीत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्यासाठी शॅल वापरलाय. तरीही मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद निदेशात्मक, म्हणजे पाळावी अशी पण सक्तीची नसलेली, ठरवली. सल्ला घेतला नाही एवढ्यावरून आदेश रद्द होत नाही. असा घोळ टाळायला दक्षिण आफ्रिकेने १९९६ च्या घटनेत शॅलऐवजी मस्ट घेतला.

मराठी अनुवादात हा गुंता वाढतो, कारण शॅल आणि विल दोन्ही '-ईल'मध्येच येऊन पडतात. 'भाडेकरू दरमहा ५ तारखेपर्यंत भाडे देईल' हे वाक्य अट आहे की अंदाज, ते नुसत्या क्रियापदावरून कळत नाही. करारात 'भाडे देणे भाडेकरूवर बंधनकारक राहील' असं लिहावं. उलट 'हा करार १ एप्रिलपासून सुरू होईल' इथे कोणावर कसलंच बंधन नाही, तारीख सांगितली आहे फक्त. मूळ इंग्रजीत 'शॅल कमेन्स' असलं तरी इथे 'बंधनकारक' घुसवू नये.