अध्यक्षीय आणि संसदीय शासनपद्धती

सरकार कोणाच्या विश्वासावर टिकते, यावरून लोकशाही शासनाचे हे दोन मुख्य प्रकार पडतात. संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळ कायदेमंडळातून तयार होते आणि त्याचा विश्वास असेपर्यंतच सत्तेवर राहते. अध्यक्षीय पद्धतीत राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडून येतो, त्याची मुदत ठरलेली असते आणि केवळ धोरण पटले नाही म्हणून कायदेमंडळ त्याला घरी पाठवू शकत नाही. पदाच्या नावावरून मात्र पद्धत ओळखू नये. दक्षिण आफ्रिकेत सरकारप्रमुखाला राष्ट्राध्यक्ष म्हणतात, पण त्याला निवडते संसद आणि काढूही शकते संसदच.

अध्यक्षीय पद्धतीचा मूळ नमुना अमेरिकेचा. तेथे मंत्र्याला काँग्रेसचे, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सेनेट मिळून बनलेल्या कायदेमंडळाचे, सदस्य राहता येत नाही. चार वर्षांची मुदत संपण्याआधी राष्ट्राध्यक्षाला हटवायचे, तर महाभियोगाची, म्हणजे गंभीर गैरवर्तनाच्या आरोपावरून कायदेमंडळात खटला चालवण्याचीच, वाट उरते. प्रतिनिधिगृहाने १८६८, १९९८, २०१९ आणि २०२१ असा चार वेळा महाभियोग मंजूर केला. पण सेनेटमध्ये लागणारी दोन-तृतीयांश मते एकदाही जमली नाहीत. या स्थैर्याची किंमतही आहे. राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस यांचे पटले नाही तर कोणीच पडत नाही, अडतो तो खर्चाचा मंजुरीप्रस्ताव. मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीच्या पैशांवरून २०१८-१९ मध्ये केंद्र सरकारची अनेक कार्यालये ३५ दिवस बंद होती.

भारताने हा पर्याय विचार करून बाजूला ठेवला. संविधान सभेत के. टी. शहा यांनी सत्ताविभाजनाचा आग्रह धरला होता. मसुदा मांडताना, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पेच नेमका सांगितला: स्थैर्य आणि जबाबदारी दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही, आणि मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले आहे. अमेरिकेत सरकारची झडती मुदतीने होते. संसदीय पद्धतीत ती मतदार निवडणुकीत घेतात, शिवाय सभासद प्रश्न, तहकुबी आणि अविश्वास ठराव यांतून रोज घेतात. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले, तेव्हा या निवडीचा अर्थ सर्वांनी पाहिला. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर मात्र सभासद पक्षादेशाने बांधला गेला आणि रोजची झडती बरीचशी संख्याबळाची मोजणी होऊन बसली. अध्यक्षीय पद्धतीची मागणी अधूनमधून होत राहिली. महाराष्ट्रातून वसंत साठे यांनी ती चिकाटीने मांडली.

फ्रान्सच्या १९५८ च्या संविधानात दोन्हींचे मिश्रण आहे: राष्ट्राध्यक्ष हटत नाही, पंतप्रधान मात्र संसदेपुढे पडू शकतो. १९८६ मध्ये समाजवादी राष्ट्राध्यक्ष मितराँ यांना विरोधी गटाच्या शिराक यांना पंतप्रधान नेमावे लागले. इस्राएलने पंतप्रधान थेट मतदारांकडून निवडून पाहिला (१९९६, १९९९, २००१). मतदारांनी एक मत पंतप्रधानाला आणि दुसरे आवडत्या छोट्या पक्षाला दिले, संसद आणखी विखुरली आणि प्रयोग गुंडाळला गेला.

महाराष्ट्राला हा वाद परका नाही, फक्त तो नगरपालिकेच्या पातळीवर चालतो. नगराध्यक्ष नगरसेवकांनी निवडायचा की लोकांनी थेट? नगरसेवकांतून निवडला, तर फोडाफोडी आणि सहलींचा मोसम सुरू होतो. थेट निवडला, तर नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचे, असे होऊ शकते. मग ठराव अडतात, म्हणजे वॉशिंग्टनचीच छोटी आवृत्ती. २०१६ मध्ये थेट निवड आली आणि २०१७ मध्ये ती सरपंचांनाही लागू झाली. २०२० मध्ये नव्या सरकारने दोन्ही रद्द केल्या. २०२२ मध्ये सरकार बदलताच दोन्ही परत आल्या.